सोमवारी पडणारं मशीन

१

मंगळवारी सकाळी रक्तपेढीतला डीप फ्रीझर उघडला, आणि दगडासारख्या टणक असायला हव्या होत्या त्या प्लाझ्माच्या पिशव्या हाताला लिबलिबीत लागल्या. एक नाही, दोन नाही, सगळ्याच. फ्रीझरचा कॉम्प्रेसर रात्रीतून कधीतरी बंद पडला होता. कॉम्प्रेसर काय, कधी ना कधी बंद पडायचाच. त्यासाठी तर भोंगा बसवलेला असतो. पण भोंगा वाजलाच नव्हता.

भोंगा वाजवायचं काम एका संगणकाचं. सगळ्या फ्रीझरचं तापमान नेटवर्कवरून त्याच्याकडे यायचं, तो नोंद ठेवायचा आणि पारा वर सरकला की बोंब ठोकायचा. पेढीत त्याला सगळे नुसतं 'मशीन' म्हणत. मशीन चालू होतं, पडद्यावर छान निळं आकाशही दिसत होतं. फक्त आतला नोंदी घेणारा प्रोग्राम सोमवारी दुपारपासून बंद होता. म्हणजे दुपारी कधीतरी मशीन बंद होऊन परत चालू झालं होतं. आणि सोमवारी दुपारी मशीनसमोर ड्युटी होती राजकन्याची.

पेढीचे मालक ईश्वरप्पा रागावले की आवाज चढवत नाहीत, उलट उतरवतात. त्यांचा आवाज उतरला की अख्खी पेढी मान खाली घालून कामाला लागते. त्यांनी संगणक सांभाळणाऱ्या अवधूतला केबिनमध्ये बोलावलं आणि हळूच विचारलं, "मशीन आपोआप पडलं, का कुणी पाडलं?"

"मशीनमध्ये बिघाडाची काही खूण नाही, साहेब," अवधूत म्हणाला. "बटण दाबून बंद केल्यासारखं दिसतंय."

"ती पोरगी म्हणते, मशीन दर सोमवारी आपोआप पडतंय आणि ती दर वेळेला तुम्हाला फोन करते. या सोमवारीबी केला म्हणते."

"फोन काय, ती रोजच कशाकशासाठी करते. सोमवारचा कशाचा होता, नीट आठवत नाही."

ईश्वरप्पांनी मान हलवली. राजकन्याला त्याच दुपारी घरी पाठवलं. उदगीरच्या एका बाळंतिणीला तातडीनं प्लाझ्मा लागला, तो पेढीला नांदेडहून मागवावा लागला. बाई वाचली, पण वाचली ती नशिबानं. आता ईश्वरप्पा राजकन्यावर पोलिसात तक्रार देणार होते. एकदा गुन्हा नोंदला गेला की रक्तपेढी सोडा, साधी लघवी तपासणारी लॅबसुद्धा तिला दारात उभं करणार नव्हती.

अवधूत केबिनमधून बाहेर पडला. सोमवारचा तो फोन त्याला शब्दन् शब्द आठवत होता.

२

खरं सांगायचं तर अवधूत वाईट माणूस नव्हता. नांदेडच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलेला, कामाला वाघ, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण भित्रा होता, आणि भित्रा माणूस एकदा खोटं बोलला की त्या खोट्याला सांभाळत बसतो.

झालं होतं ते असं. मागे एकदा मशीन ऐन दुपारी गोठलं होतं. पडद्यावर पांढऱ्या अक्षरांचा पसारा, माऊस हलेना, काही हलेना. नेमके त्याच वेळी बाहेरगावचे पाहुणे घेऊन ईश्वरप्पा आले आणि पाहुण्यांदेखत आवाज उतरवून म्हणाले, "याच्यासाठी पगार देतो का तुम्हाला?" अवधूतच्या फार जिव्हारी लागलं. ऑपरेटिंग सिस्टिमचा जो अगदी आतला गाभा, ज्याला कर्नेल म्हणतात, तोच कोसळत होता. का कोसळतो हे शोधायला चार दिवस शांतपणे बसावं लागलं असतं. अवधूतनं ते केलं नाही. त्यानं कर्नेलला एका ओळीचा हुकूम दिला: कोसळलास तर गोठून बसू नकोस, लगेच स्वतःला पुन्हा चालू कर.

त्यानंतर पांढरी अक्षरं कधी कुणाला दिसली नाहीत. मशीन पडायचं, पण पडलेलं कळायचं नाही. ईश्वरप्पा चारचौघांत सांगू लागले, अवधूतनं मशीन सरळ केलं. फक्त परत उठलेल्या मशीनमध्ये नोंदींचा प्रोग्राम हातानं सुरू करावा लागे, तेवढं अवधूत गुपचूप येऊन करी. पडण्याचं कारण पुढच्या आठवड्यात शोधू, असं तो दर आठवड्याला म्हणत होता.

आणि मशीन पडायचं ते राजकन्याच्याच ड्युटीत. म्हणून हळूहळू त्यानं स्वतःची समजूत घालून घेतली होती की ती पोरगीच काहीतरी दाबत असणार. आता तर त्याला ते खरं ठरायलाच हवं होतं. निरपराध मुलगी अपराधी निघावी म्हणून आपण देवाला हात जोडतोय, हे लक्षात आलं तेव्हा त्याला स्वतःची शिसारी आली. तरी जोडलेले हात काही सुटले नाहीत.

तक्रार देण्याआधी बाहेरच्या जाणकाराचं मत घ्यावं, असं ईश्वरप्पांच्या वकिलानं सुचवलं. दुसऱ्या दिवशी नांदेडहून एक बाई आल्या. अहमदपूरला एसटी पंक्चर झाली म्हणून उशीर झाला होता, तरी चेहरा ताजातवाना. खांद्याला झोळी, पायात कॅनव्हासचे बूट.

"अवधूत! तू इथे आहेस होय?" त्या म्हणाल्या.

सौदामिनी मॅडम. कॉलेजात त्याला ऑपरेटिंग सिस्टिम त्यांनीच शिकवली होती. उत्तर चुकलं तर त्या रागावत नसत, "हे तुला खरंच पटतंय का?" एवढंच विचारत. त्या प्रश्नाला अवधूत तेव्हाही भ्यायचा.

३

मॅडमनी मशीनला हात लावायच्या आधी माणसांना बोलतं केलं. पहिला रेवणसिद्ध, पेढीचा इलेक्ट्रिशियन. साडेसहा फुटी गडी, बोलणं मात्र तोलूनमापून.

"लाइट गेली होती का सोमवारी?" मॅडमनी विचारलं.

"न्हाई मॅडम. आन् गेली असती तरी बॅटरी हाय की. मशीनला झटका बसत न्हाई."

"मग कुणीतरी बंद केलं असेल?"

रेवणसिद्धनं अवधूतकडं पाहिलं, मग जमिनीकडं. "आता खोटं कशाला बोलू. राजकन्या एकदा म्हणली होती माझ्यासमोर. फ्रीझरचं दार जरा जास्त येळ उघडं राहिलं की भोंगा कोकलतो. तिचं डोकं लई दुखायलं होतं. म्हणली, ह्या भोंग्याला एक दिवस बंदच करते. साहेबांनी इचारलं तवा मी सांगून टाकलं. तवापासून घास गोड लागंना झालाय. रागाच्या भरात माणूस काय बी बोलतंय."

अवधूतला वाटलं, झालं, सुटलो. लगेच वाटलं, कशातून सुटलो? रेवणसिद्ध खरं बोलून झुरत होता, आणि हा खोटं बोलून सुटायला निघाला होता.

मॅडम उठल्या, मशीनच्या डब्यापुढं चवड्यांवर बसल्या. "बटण कुठाय याचं?"

"त्या पट्टीच्या मागं. झाडणाऱ्या मावशीचा कुंचा लागून दाबलं जायचं, म्हणून मीच चिकटपट्टी मारली. उन्हाळ्यातच मारली बगा."

मॅडमनी पट्टीवरून बोट फिरवलं. बोटाला धुळीचा जाड थर आला. पट्टीच्या चारी कडा जशाच्या तशा चिकटलेल्या होत्या, कुठं उचकटल्याची खूण नव्हती. त्यांनी मागं जाऊन वायर पाहिली. तीही रेवणसिद्धनं खिळ्यापट्टीनं भिंतीला आवळून टाकली होती.

"अवधूत, बटण दाबून बंद केलं, हे तुझंच मत ना?" त्यांनी धुळीचं बोट त्याच्यापुढं धरलं. "हे तुला खरंच पटतंय का?"

४

राजकन्याला भेटायला शिरूर अनंतपाळला जायचं ठरलं. पेढीची गाडी होती, चालवायला अवधूतच होता. काहीतरी काम काढून टाळावं असं त्याच्या मनात आलं होतं, पण कोणतंही काम सुचेना.

घर साधं, पत्र्याचं, अंगणात सोयाबीन वाळत घातलेलं. वडील किशनराव रानात गेले होते. आई रुक्मिणबाई लगबगीनं पुढं आली, अवधूतला पाहून तिला भरूनच आलं.

"सर आलाव व्हय! या, बसा. मॅडम, ह्या सरांनी लई जीव लावला पोरीला. सगळं मशीन त्यांनीच शिकिवलं. सर, तुमी सांगा ना साहेबाला. तुमचं ऐकतेत ते. माझी पोरगी मुंगी मारत न्हाई, रगत कशाला नासवील?"

तिनं त्याच्या हातात चहाची कपबशी दिली. चहात साखर मुद्दाम जास्त घातली होती, पाहुण्याला घालतात तशी. अवधूतनं तो तसाच हातात धरून ठेवला.

राजकन्या दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. आईला तिनं सगळं सांगितलेलं नव्हतं, हे उघड होतं. मॅडमनी विचारलं तेवढंच ती बोलली.

"मी बसलेलीच होते. पडदा काळा झाला, मग आपोआप उजळला. दर सोमवारी तसंच होतं."

"फक्त सोमवारी? बाकीच्या दिवशी?"

"बाकीच्या दिवशी मी तिथं नसते, मॅडम. मी रक्त तपासायच्या खोलीत असते. सोमवारी बरेच जण सुटी घेतेत, त्यांचा वार असतो. उपास, मंदिर. मग मशीनची ड्युटी मला देतेत. मला काय, मला कोणताबी वार सारखाच."

"एखादा सोमवार असा गेला का, की पडलंच नाही?"

तिनं आठवलं. "गेला की. गुंडप्पाकाका उदगीरला लग्नाला गेलते, त्या सोमवारी न्हाई पडलं. मला आठवतंय, कारण मला वाटलं, चला, आज सरांना फोन करायला लागला न्हाई."

अवधूतनं कपबशी खाली ठेवली.

"मग तू प्रोग्राम का नाही सुरू केलास?" मॅडमनी विचारलं.

राजकन्यानं पहिल्यांदा अवधूतकडं सरळ पाहिलं. त्या नजरेत राग असता तर त्याला बरं वाटलं असतं.

"त्याला पासवर्ड लागतो," ती म्हणाली. "माझ्याकडं न्हाई."

५

परतीच्या वाटेवर मॅडम खिडकीतून बाहेर बघत होत्या. त्या म्हणाल्या, "सगळे एकच प्रश्न विचारतायत, मशीन बंद कोण करतं. मला वाटतं, विचारायला हवं ते दुसरंच." दुसरं काय, हे त्यांनी सांगितलं नाही. अवधूतनंही विचारलं नाही. गाडीचा गिअर उगाच बदलला.

पेढीत पोचताच त्यांनी गुंडप्पाकाकांना गाठलं. गुंडप्पा म्हणजे ईश्वरप्पांचे चुलते. कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात लिंग, आणि उत्साह विशीतल्या पोराला लाजवेल असा. पेढीच्या वरच्या मजल्यावर त्यांचं देवघर होतं.

"सोमवारी तुम्ही काय करता, काका?"

"भजन करतो की! दुपारी आमची मंडळी जमती. आन् नुसतं वर बसून न्हाई करत. कॅमेरा लावलाय. खाली रक्त द्यायला लोक बसतेत ना, त्येंच्या हॉलमधल्या टीव्हीवर, ऑफिसातल्या टीव्हीवर, सगळीकडं लाइव्ह दिसतंय. रक्त देताना माणसाला प्रसन्न वाटावं की न्हाई?"

"जोडून कुणी दिलं?"

"टीव्हीवाल्या पोरानं. ह्याच नेटवरनं जातंय म्हणला, वेगळी वायर लागत न्हाई."

मॅडमच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं. "काका, आज बुधवार. पण माझ्यासाठी थोडं भजन कराल?"

गुंडप्पांना एवढंच पुरे होतं. नाही म्हणणं त्यांच्या रक्तातच नव्हतं.

मॅडमनी झोळीतून एक जुना लॅपटॉप आणि एक केबल काढली. मशीन कोसळतं तेव्हा शेवटचं जे काही बोलतं, ते स्वतःच्या डिस्कवर लिहायलाही त्याला सवड मिळत नाही. म्हणून बिघाडाची खूण मागं राहत नाही. पण ही केबल जोडली की ते बोलणं लॅपटॉपच्या पडद्यावर उतरतं. कॉलेजच्या प्रयोगशाळेत अवधूतनं हे स्वतः केलं होतं. ते इथं करून बघायला अर्धा तास लागला असता, फक्त अर्धा तास.

मशीनसमोरच्या खुर्चीत मॅडमनी मुद्दाम कुणालाच बसू दिलं नाही. मशीन पडून भोंगा बंद झाला तरी काळजी नको म्हणून रेवणसिद्धला फ्रीझरजवळ थर्मामीटर घेऊन उभं केलं. वर टाळ वाजले. हॉलमधल्या टीव्हीवर गुंडप्पा डोलताना दिसू लागले. पहिलं कडवं संपलं, दुसरं सुरू झालं.

मशीनचा पडदा काळा झाला.

६

लॅपटॉपवर पांढऱ्या अक्षरांचा पसारा उतरला होता. तोच, जो अवधूतनं झाकून टाकला होता. मॅडमनी एका ओळीवर बोट ठेवलं. "नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर. कार्ड आणि कर्नेल यांच्यामधला दुभाष्या म्हण. जुना ड्रायव्हर नव्या कर्नेलवर कुणीतरी जबरदस्तीनं चढवलाय."

"मीच," अवधूत म्हणाला. निदान एवढं तरी त्याच्या तोंडून आपोआप निघालं.

"भजनाचं चित्र नेटवर्कवर अशा पद्धतीनं सोडलंय की एकानं पाठवायचं आणि ज्यानं मागितलं त्यानंच घ्यायचं. कुणी मागितलं हे बघून वाटायचं काम मधल्या स्विचचं, म्हणजे नेटवर्कच्या सगळ्या वायरी जिथं जोडल्यात त्या डब्याचं. ती सेटिंग बंद आहे. पंगतीत वाढप्यानं न विचारता प्रत्येकाच्या पानात वाढत सुटावं, तसं चाललंय. बाकीची मशीनं पान बाजूला सारतात. या ड्रायव्हरला ते जमत नाही. तो त्याच्या जागेबाहेर, कर्नेलच्या स्मृतीत सांडून ठेवतो. मग कर्नेल हात टेकतो." त्या थांबल्या. "सोमवारी भजन असतं म्हणून मशीन पडतं. सोमवारी लोक सुटी घेतात म्हणून राजकन्या बसते. दोघांचं कारण सोमवार. एकमेकांशी संबंध काही नाही."

मशीन तोवर आपलं आपण चालू झालं होतं. निळं आकाश, सगळं कसं सुरळीत.

"आता माझा दुसरा प्रश्न," मॅडम हळू म्हणाल्या. "बंद कोण करतं, हे कळलं. पण चालू कोण करत होतं? दर सोमवारी नोंदी दुपारी तुटतात आणि संध्याकाळी पुन्हा सुरू होतात. या सोमवारी सुरू झाल्याच नाहीत. पासवर्ड एकाच माणसाकडे आहे. आणि दर वेळी तो माणूस आपण होऊन येत नव्हता. त्याला कुणीतरी कळवत होतं."

अवधूत मशीनसमोरच्या त्या रिकाम्या खुर्चीत बसला. "अहमदपूरला मामेभावाचा साखरपुडा होता, मॅडम. तिचा फोन आला. म्हणाली, सर, पडलंय. मी म्हटलं, बघतो. मीच तिला बजावून ठेवलं होतं, हात लावू नको, कुणाला सांगू नको, मी बघतो. आणि विसरलो. जेवणावळीत विसरलो."

"ते विसरणं मी समजू शकते," त्या म्हणाल्या. "तू तो आपोआप चालू व्हायचा हुकूम दिला नसतास, तर मशीन गोठून पडलं असतं. पांढरी अक्षरं बघून तिनंच काय, झाडणाऱ्या मावशीनंसुद्धा आरडाओरडा केला असता. हे तुला ठाऊक आहे?"

त्याला ठाऊक होतं. मंगळवार सकाळपासून दुसरं काहीच ठाऊक नव्हतं.

"माझ्या अहवालात ड्रायव्हर येईल, स्विच येईल. फोनवर काय बोलणं झालं, ते मशीनला माहीत नाही, म्हणून मी लिहू शकत नाही."

केबिनमध्ये ईश्वरप्पांनी सगळं ऐकून घेतलं. भजनाचं नाव निघालं तेव्हा चुलत्याकडं एकदा पाहिलं. गुंडप्पांनी कान धरले, "अरे देवा, माझ्या पायी पोरीवर बालंट!" म्हणत ते रडवेले झाले.

"बरं," ईश्वरप्पा म्हणाले. आवाज उतरलेलाच होता. "बटण दाबलं न्हाई, मान्य. पण पडदा काळा झालेला तिनं बघितला, आणि फोन केला म्हणते तो यांना आठवत न्हाई. मग कळवलं का न्हाई? मशीनसमोर बसून कळवायचं न्हाई, हा गुन्हा न्हाई का? तक्रार मी देणारच."

मॅडम केबल गुंडाळून झोळीत ठेवत होत्या. रेवणसिद्ध भिंतीकडं बघत होता. अवधूतच्या मनात आलं, आता गप्प बसलं तर निभतंय. मशीनवर खापर फुटलंय, उरलेलं तिच्यावर फुटेल. त्याला रुक्मिणबाईचा तो गोड चहा आठवला.

"तिनं कळवलं होतं, साहेब," तो म्हणाला. "दर सोमवारी कळवलं. या सोमवारीसुद्धा. मी खोटं बोललो. मशीन पडतं हे मला महिनोन्महिने माहीत होतं, ते दिसू नये म्हणून मीच सोय केली होती. तक्रार द्यायची तर माझ्यावर द्या."

ईश्वरप्पांनी टेबलावरचा फोन त्याच्यापुढं सरकवला. मग म्हणाले, "तुमचं काय करायचं ते मी उद्या बघतो. आधी तिला फोन लावा. माझ्यासमोर."

अवधूतनं फोन लावला. राजकन्यानं उचलला. त्यानं अडखळत सगळं सांगितलं, खोटं बोललो हेही सांगितलं, माफीही मागितली. पलीकडं कोंबड्यांचा आवाज येत होता, कुणीतरी सोयाबीन फावड्यानं ओढत होतं.

"राजकन्या? येशील ना उद्या कामावर?"

"येते, सर," ती म्हणाली. "पण आता मशीन पडलं की मी तुम्हाला फोन करणार न्हाई."